आधी खिसा तपास

आमच्या अक्काला देव रोज काही ना काही सांगतो. पडदे निळे घ्यायचे की पिवळे इथपासून धाकट्या जावेशी बोलायचं की नाही इथपर्यंत. "प्रभूने माझ्या मनात घातलं," एवढं ती म्हणते, मग त्यावर कुणी काय बोलणार? मी तिचा धाकटा भाऊ. दोघांचा बाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये झाला, दोघं एकाच बाकावर बसून वाढलो. मला मात्र सत्तावन्न वर्षांत देवाने एक अक्षर ऐकवलेलं नव्हतं. याचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. कारण ऐकणं हाच माझा धंदा आहे.

मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनचा मेकॅनिक आहे. आमच्या हॉलमध्ये साठ मशिनं एकदम चालतात. नवीन माणसाला तिथे शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मला दाराशी उभं राहून कळतं, की तिसऱ्या रांगेत कुठेतरी सुई घासते आहे. जवळ जातो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो, की आतलं दुखणं सरळ कानात येतं. ज्यांच्या हाताखाली मी हे शिकलो ते थोरले मिस्त्री आता नाहीत. त्यांचा एक नियम होता. "खडखड शोधायची तर आधी आपला खिसा तपास." मेकॅनिकच्या खिशात स्क्रू असतात, किल्ल्या असतात, तुटक्या सुया असतात. मशीनवर ओणवं झालं की तेच वाजतात, आणि शहाणा माणूस चांगलं मशीन खोलून बसतो. मी हा नियम तीस वर्षं पाळला. निदान माझी तशी समजूत होती.

माझी मुलगी नर्स आहे. लहानपणापासून काम करताना गुणगुणते, म्हणून तिला सगळे गुणी म्हणतात. स्वभावाने तेवढी गुणी नाही, हट्टी आहे. पाच वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एका सोमवारी संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, मला बोलावणं आलंय."

माझा कप बशीवर आदळला. आमच्या घरात हा शब्द एकदाच वापरला गेला होता, तिच्या आईच्या वेळी.

"तसलं नाही हो," ती म्हणाली आणि फडक्याने बशीतला चहा टिपला. डोंगरापलीकडे मिशनचा एक छोटा दवाखाना होता. बसने चौदा तास. तिथे नर्स टिकत नव्हत्या, तीन वर्षांसाठी कुणी हवं होतं.

"म्हणजे दवाखान्याचं बोलावणं," मी म्हणालो.

"पत्र दवाखान्याचं आहे. बोलावणं देवाचं."

"कुठे ऐकू आलं तुला?"

"वॉर्डात, सकाळी. तीन पेशंट एकदम हाका मारत होते, ट्रॉलीचं चाक करकरत होतं, आणि मला एकदम कळलं."

"शब्द काय होते?"

"शब्द नाही ऐकू आले, बाबा. कळलं."

कळलं म्हणजे काय, हे मला कळेना. आवाज असेल तर तो कुठून आला, जाड होता की बारीक, हे सांगता यायला हवं. तीच पुढे म्हणाली, "तुम्हाला विचारल्याशिवाय मी जाणार नाही. तुम्ही प्रार्थना करा. तुम्हाला जे ऐकू येईल ते मला मान्य. तिथल्या मेट्रनबाईंना शनिवारी बाराच्या आत फोन करून हो की नाही सांगायचंय."

माझ्या कानांवर तिचा लहानपणापासून भारी विश्वास. घरातलं घड्याळ मागे पडलं तरी मी टिकटिक ऐकून सांगायचो. तिला वाटत होतं, बाबा काय, देवाचंही ऐकून सांगतील.

मंगळवारी पहाटे मी प्रार्थनेला गॅलरीत बसलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोकं पाडायला घेतली होती. आत आलो, तर वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला. शेवटी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. तिथे नळ ठिबकत होता. डोळे मिटले, हात जोडले, पण मन सगळं त्या थेंबात. दहा मिनिटांनी उठलो आणि नळाचा वायसर बदलला. प्रार्थना राहिली ती राहिलीच, नळ मात्र सुधारला.

बुधवारी संध्याकाळी पाळकांनी चर्चमध्ये बोलावलं. स्पीकरमधून सतत सूं असा आवाज येत होता. मी शिडीवर चढलो, ते खाली शिडी धरून उभे राहिले. मी वरूनच विचारलं, "देव बोलतो तेव्हा तोच बोलतोय हे ओळखायचं कसं?"

"हे तुम्ही मला विचारताय? आख्ख्या मंडळीत तुमच्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत."

"मशीनचं सोपं असतं, साहेब."

ते म्हणाले, "मला माझ्या सोयीचं काही ऐकू आलं, की मी परत एकदा ऐकतो."

"आणि गैरसोयीचं आलं तर?"

"तेही परत ऐकतो. पण ते चुकून आलं असावं अशी आशा असते म्हणून."

मी हसलो, शिडी हलली, ते घाबरले. वायर बदलल्यावर सूं थांबला. त्यांचं बोलणं मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

गुरुवारी दुपारी चौथ्या रांगेत एका मशीनला कान लावून बसलो होतो. साठ मशिनं, वर पंखे, इस्त्रीच्या टेबलांवरून सुटणारी वाफ, कुणीतरी कपड्यांचं गाठोडं फरशीवरून ओढत होतं. डोक्यात गुणीचंच चाललं होतं. आणि त्या सगळ्या गदारोळात स्पष्ट ऐकू आलं, "थांब."

मी मान वर केली. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. आवाज पुरुषाचा होता, भरदार, थोडा थकलेला. ओळखीचाही वाटला. देवाचा आवाज ओळखीचाच वाटणार, असं मी धरून चाललो. अंगावर काटा आला. उशिरा का होईना, मलाही ऐकू आलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते बाहीने पुसलं, आणि शेजारच्या बाईला सांगितलं की तेल उडालं.

घरी आलो तेव्हा गुणी भांडी घासत होती, गुणगुणत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातच म्हणालो, "ऐकू आलं."

तिने नळ बंद केला. "काय?"

"थांब म्हणाला."

"थांब म्हणजे आत्ता थोडी थांब, की जाऊच नकोस?"

"थांब म्हणजे थांब."

"एवढाच शब्द?"

"एवढाच. पण स्पष्ट."

ती आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिली. वाद घालील असं मला वाटलं होतं, उत्तरं तयार ठेवली होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा. मग मी थांबते. शनिवारी कळवून टाकते त्यांना." राहिलेली भांडी तिने घासून पालथी घातली.

मी अक्काला फोन केला. "मला प्रभूने हे आधीच दाखवलं होतं," ती म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आठवड्यात पहिल्यांदाच मला शांत झोप लागली.

शुक्रवारी सकाळपासून घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गुणीने चहा केला, माझ्या शर्टाला इस्त्री केली, कुंड्यांना पाणी घातलं. सगळं रोजच्यासारखं, पण कानाला काहीतरी कमी पडत होतं. मला वाटलं, फ्रिज बंद पडला असणार. कान लावून बघितला, चालू होता. पंखा बघितला, घड्याळ बघितलं. सगळं ठीक होतं. वय झालं आता आपलं, असं म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी तिने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या. "आता मी इथेच आहे, तर हे तरी नीट होऊ दे," असं म्हणत पेपरमिंटच्या एका पत्र्याच्या डबीत त्या मोजून भरल्या. शनिवारी सकाळी निघताना डबी माझ्या कामाच्या पँटच्या बाजूच्या खिशात घातली. "जेवणानंतर एक. विसरू नका." आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी कारखान्याला अर्धा दिवस. दहाच्या सुमारास काजवाल्या मावशींनी हाक मारली. शर्टांना काजं पाडण्याच्या मशीनवर त्या माझ्याही आधीपासून बसतात. टाके सैल पडत होते. मी दोऱ्याचा ताण ठीक केला, चालवून बघायला त्यांच्या जागी बसलो, पायाने पॅडल दाबलं, आणि खुळखुळ ऐकू आली. बारीक, पत्र्याची, पॅडल दाबलं की येणारी.

मी बॉबिनची पेटी काढली. सुईखालची पट्टी काढली. कापड पुढे सरकवणारे दाते काढून पुसले, परत बसवले. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, तर आत मशीन अगदी निरोगी. कान काढला की खुळखुळ. तासभर गेला. मावशींच्या बाजूला शर्टांचा ढीग वाढत चालला.

"मेकॅनिकभाऊ," त्या म्हणाल्या, "मी चालवते तेव्हा काही वाजत नाही हो."

"तुम्हाला ऐकू येत नसेल."

"कान म्हातारे झालेत माझे, कबूल. पण तुम्ही चालवता तेव्हा मलासुद्धा येतं."

त्यांनी मला उठवलं, स्वतः बसल्या, एक काज पाडलं. काही नाही. मला बसायला लावलं. खुळखुळ. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग वर मांडीकडे, आणि हातातल्या कात्रीच्या टोकाने माझ्या खिशावर टक्‌ केलं. डबीतल्या गोळ्या खुळखुळल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

सगळी रांग हसली. मीही हसलो, पण हसू निम्म्यावरच अडकलं. थोरल्या मिस्त्रींचा तो नियम माझ्या तोंडावर आला होता. तो मी मशिनांसाठी पाळला. देवाच्या बाबतीत एकदाही खिसा तपासला नव्हता.

साडेअकरा झाले होते. मी कापडाच्या गोदामात गेलो. तिथे जमिनीपासून छतापर्यंत ताग्यांच्या थप्प्या आहेत आणि दार लावलं की हॉलचा सगळा आवाज मरतो. एखाद्या भागाचा संशय आला की तो सुटा काढतात आणि एकटाच चालवून बघतात. मी तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "थांब."

तोच आवाज होता. भरदार, थोडा थकलेला, ओळखीचा. अन्याय नको म्हणून परत एकदा म्हटलं. तोच. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. माझ्या मनी वसलेलं कानी वाजलं होतं, आणि त्यावर देवाचं नाव घालून मी ते मुलीच्या हातात दिलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

एका ताग्यावर बसलो. "प्रभू," मी म्हणालो, "मला ती जायला नको आहे. रिकाम्या घरात संध्याकाळी दार उघडायची मला भीती वाटते. एवढंच आहे खरं." आठवडाभरात केलेली ही पहिली खरी प्रार्थना होती. उत्तर आलं नाही. मी वाट बघितली. कापडांमध्ये इतकी शांतता होती, की छतावरच्या ट्यूबलाइटची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली.

आणि तेव्हा लक्षात आलं, की फ्रिज ठीकच होता. गुणी गुणगुणत नव्हती. गुरुवारी मी दारात उभा राहून तो शब्द बोललो, तिने नळ बंद केला, त्यानंतर ती एकदाही गुणगुणली नव्हती. घरात बंद पडलं होतं ते हे होतं, आणि मी फ्रिजला कान लावून बसलो होतो.

मी तिला फोन लावला. तिने उचलला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"बाबा? काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे मी. मेट्रनबाईंना फोन केलास?"

"आत्ता तेच करत होते. नंबर काढला..."

"थांब," मी म्हणालो.

ती थांबली. मागे ट्रॉलीचं चाक करकरत होतं, कुणीतरी सिस्टर, सिस्टर अशी हाक मारत होतं.

"आत्ताचा हा आवाज ऐकलास ना? गुरुवारी मी ऐकला तो हाच होता. माझाच. देवाचा नव्हता गं. माझ्याच खिशात वाजत होतं, आणि मी वर बघत बसलो."

चाकाची करकर लांब गेली, ती बाजूला आली असावी. मी म्हणालो, "मुद्दाम खोटं नाही बोललो. मला खरंच तसं वाटलं. पण मला तू जायला नको होतीस, म्हणून तसं वाटलं."

"तुम्हाला नकोय हे मला सोमवारीच दिसत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तेवढं म्हणाला असतात तर भांडले असते तुमच्याशी. पण तुम्ही देवाचं नाव घेतलंत. मग त्यावर मी काय बोलणार?"

हे वाक्य मी अक्काबद्दल किती वर्षं बोलत आलो होतो. आता ते माझ्यावरच उलटलं होतं, आणि तेही बरोबरच होतं.

"मग देवाचं काय म्हणणं आहे, बाबा?" तिने विचारलं.

"मला अजूनही काही ऐकू आलेलं नाही. तुला आलंय ना?"

"हो."

"अजूनही तसंच वाटतंय?"

"गप्प राहून बघितलं दोन दिवस. गेलं नाही ते."

"मग झालं. तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे."

"तुम्ही एकटे कसे..."

"ते मी आणि तो बघून घेऊ. तू आधी फोन कर, पाच मिनिटं उरलीत."

फोन ठेवल्यावर मी तिथेच जरा रडलो. कापडाच्या गोदामाचा एक फायदा असा, की कुणाला ऐकू जात नाही. मग बाहेर येऊन मावशींच्या मशीनची पट्टी नीट बसवून दिली, आणि जेवणानंतर आठवणीने गोळी घेतली.

अक्काला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मलाही प्रभूने नंतर तसंच दाखवलं." मी भांडलो नाही. आपला खिसाच एवढा भरलेला निघाल्यावर दुसऱ्याचा कोण तपासणार?

तीन आठवड्यांनी गुणी निघाली. मला सकाळची पाळी होती, आणि स्टँडवर यायचं नाही असं तिने मला बजावून ठेवलं होतं. "तिथे तुम्ही रडाल, मग मी रडेन, आणि चौदा तास नाक चोंदेल." दारातच प्रार्थना केली, दारातच तिने पाया पडल्यासारखं केलं आणि मी तिला वर उठवलं. मग ती बॅग घेऊन जिना उतरायला लागली. मी तिची पावलं मोजत उभा राहिलो. एक मजला झाला. दुसरा झाला.

"थांब," मी ओरडलो.

शब्द जिन्यातून खालपर्यंत घुमत गेला. पावलं थांबली. मी कठड्यावरून वाकून बघितलं. ती मान वर करून उभी होती, एक हात कठड्यावर, आणि चेहरा उतरलेला.

"चपला घालतोय," मी म्हणालो. "सोडायला येतो. बॅग तिथेच ठेव, मी घेतो."

ती मटकन पायरीवर बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. मी खाली पोचलो तरी हसतच होती. "बाबा, तुम्ही ना, यापुढे हा शब्द वापरायचाच नाही," ती म्हणाली. मी बॅग उचलली. उरलेले दोन मजले माझ्या खिशात डबी खुळखुळत होती आणि ती शेजारी गुणगुणत होती.

स्टँडवर नेहमीचा गोंधळ होता. भोंगे, कंडक्टरांचं ओरडणं, चहावाल्यांच्या किटल्यांची झाकणं. तिची बस लागलेलीच होती. मी बसच्या पत्र्यावर तळहात ठेवून इंजिन ऐकलं. तब्येतीने चांगलं होतं, चौदा तास नेईल असं वाटलं. गुणी खिडकीशी बसली. बस हलली तसं तिने काच सरकवली, बाहेर वाकली आणि काहीतरी म्हणाली. नेमका तेव्हाच शेजारच्या बसने भोंगा दाबून धरला.

साठ मशिनांत सुई घासलेली ओळखणारा माणूस मी. शब्द ऐकू आले नाहीत. कळलं.